पन्नासची पाटी नेमकी कोणासाठी असते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकरोडहून सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत तुम्ही रोज कारने जाता. रस्ता चौपदरी, मध्ये दुभाजक. वाटेत एका गावाजवळ ५० ची पाटी आहे. तिथे कॅमेऱ्याने ७४ टिपले आणि दोन हजारांचं चलान आलं. तुमचं म्हणणं असं की एवढ्या रुंद रस्त्यावर ५० हा अन्याय आहे. गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आहे, एअरबॅग आहेत, वीस वर्षांत एकही अपघात नाही. ५० ने चालवली तर मागचा ट्रक अंगावर येतो, आणि खरा धोका राँग साइडने येणाऱ्यांचा असताना त्यांना कोणी धरत नाही. शेवटी विचारलंय की मुलगी यंदा अठराची झाली, लायसन्स काढते आहे, तिला या मर्यादांबद्दल काय सांगायचं.

मी वाहतूक अभियंता आहे. गेली सत्तावीस वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेला उभं राहून वेग मोजते, आणि अपघात झाला की ती जागा टेप लावून तपासते. तुमच्या तक्रारीतला बराच भाग खरा आहे. तो खरा असूनही त्या गावाजवळचे ७४ मला मान्य नाहीत. असं का, ते नीट सांगते.

५० चा आकडा येतो कुठून, तिथून सुरुवात करू. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून देशभरासाठी कमाल वेग ठरवले. कारला द्रुतगती महामार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहरात आणि इतर रस्त्यांवर ७०. मालवाहू गाड्यांना मोठ्या रस्त्यांवर ८० आणि बाकीकडे ६०. मोटारसायकलला चौपदरीवर ८०, शहरात ६०. रिक्षाला ५०. हे आकडे म्हणजे वरचं छत. त्याच्या खाली कुठे किती उतरायचं हे ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने राज्य सरकारला दिलेला आहे. म्हणून चौपदरी रस्ता दिसला की १०० चा हक्क मिळाला, असं होत नाही. गाव, शाळा, वळण, उतार आला की तिथली स्थानिक पाटी चालते.

स्थानिक आकडा काढायची आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी: रस्ता मोकळा असताना कडेला स्पीडगन घेऊन बसायचं, येणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग टिपायचा आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग काढायचा. मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. यामागचा विचार असा की बहुसंख्य चालक समंजस असतात, रस्ता बघून वेग धरतात, मग कायद्याने त्यांना उगाच गुन्हेगार का करायचं? ही रीत मी शिकले, वापरली, आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यासाठी ती आजही ठीक वाटते. तुम्हाला ५० अन्यायाचे वाटतात ते याच हिशेबाने. तुमच्यासारख्याच गाड्या मोजल्या तर तिथला आकडा बहुधा ५० च्या बराच वर येईल.

पण या मोजणीत एक माणूस कधीच येत नाही. जो गाडीत नाही तो.

बरीच वर्षं झाली, थंडीचे दिवस होते. ओझरच्या अलीकडे एका गावाजवळ सकाळी साडेसहाला मी स्पीडगन लावून बसले होते. एक आजी दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. गुडघे धरलेले, एक पाय किंचित ओढत चालायच्या. रस्त्याची एक बाजू म्हणजे साडेतीन मीटरच्या दोन लेन आणि कडेची दीड मीटर पट्टी, साडेआठ मीटर. धडधाकट माणूस सात सेकंदांत पार होतो. आजींना दहाच्या वर लागत होते. त्या उजवीकडे बघायच्या, थांबायच्या, पुन्हा बघायच्या. मी विचारलं, आजी, कशावरून ठरवता की आता निघायचं? त्या म्हणाल्या, त्या कडुनिंबाच्या पलीकडे गाडी असली की मी निघते, अलीकडे असली की थांबते. आजवर तेच करत आले.

त्या सकाळचा एकही आकडा आज आठवत नाही, पण तो कडुनिंब आठवतो. रस्ता ओलांडणारा माणूस समोरून येणाऱ्या गाडीचा वेग मोजत नाही. अंतर मोजतो. समोरून, जवळजवळ सरळ रेषेत आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यांना नीट कळतच नाही, तो भल्याभल्यांना कळत नाही. आता हिशेब करा. दहा सेकंदांत ५० ची गाडी १३९ मीटर येते. ७४ ची गाडी २०६ मीटर येते. आजींचा कडुनिंब दीडशे मीटरवर असेल, तर ५० च्या गाडीसमोर त्यांचं गणित बरोबर आहे. ७४ च्या गाडीसमोर तेच झाड, तेच पाय, तीच सावधगिरी, आणि आजी दुसऱ्या लेनच्या मधोमध सापडतात. मग पोलीस पंचनाम्यात लिहिलं जातं की पादचारी अचानक रस्त्यात आली. त्या अचानक आलेल्या नसतात. त्यांनी पाहिलेलं असतं, थांबलेल्या असतात, आणि गाडी झाडाच्या पलीकडे असतानाच निघालेल्या असतात.

गावाजवळची मर्यादा ही त्या बाईला दिलेला शब्द आहे. तुमच्या गाडीचं एबीएस किती चांगलं, तुमचा हात किती बसलेला, याच्याशी त्या आकड्याचा संबंध फार थोडा. तुम्ही वीस वर्षं विनाअपघात चालवलीत याचा मला मनापासून आदर आहे. पण त्या वीस वर्षांत कितीतरी माणसं तुम्हाला बघून मागे सरली असतील, धावली असतील. त्यांचा वाटा त्या विक्रमात आहे.

आता ब्रेकचं. तुम्ही लिहिलंत, २४ चाच तर फरक आहे. कोरडा रस्ता, चांगले टायर, एबीएस आणि सावध चालक धरू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरू. खरं तर हे तुमच्या बाजूने झुकतं माप आहे. रस्ते आखताना आम्ही अडीच सेकंद धरतो. ५० ची गाडी त्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते आणि मग ब्रेकने आणखी १४ मीटरमध्ये थांबते. एकूण २८ मीटर. त्याच जागेवरून ६० च्या गाडीने ब्रेक लावले, तर ५० ची गाडी जिथे थांबली तिथे ती अजून ४० ने धावत असते. आणि तुमची ७४ ची गाडी? तिचे वीस मीटर तर पाय हलेपर्यंतच गेले. त्या ठिकाणी ती अजून ६५ ने असते. पुन्हा वाचा हवं तर. एक गाडी पूर्ण थांबलेली आहे, त्याच रेषेवर दुसरी ६५ ने जाते आहे.

मला स्वतःला हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा चुकल्यासारखं वाटलं होतं. चुकलेलं नाही. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ब्रेक लावल्यावर वेग आधी हळूहळू उतरतो, शेवटच्या काही मीटरमध्ये झपकन उतरतो. त्यामुळे वरचे दहा-वीस किलोमीटर जवळजवळ सगळेच्या सगळे धडकेत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार कारची धडक ५० ऐवजी ६५ ने बसली तर पादचारी दगावण्याची शक्यता साडेचार पट होते. तीच संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एका टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. एका टक्क्याला चार.

या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय? गावाची हद्द एक किलोमीटर धरा. ५० ने ७२ सेकंद लागतात, ७४ ने ४९. वाचले २३ सेकंद. पुढच्या सिग्नलला ते कधी गेले ते कळतही नाही.

सरकारी आकड्यांबद्दल एक बाजूची गोष्ट सांगते, कारण वाद घालताना दोन्हीकडचे लोक ते फेकतात. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, त्यातली १५ हजारांहून जास्त महाराष्ट्रातली. केंद्राच्या अहवालात यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. मी या ७१ वर फार भार टाकत नाही. आपल्याकडच्या फिर्यादीत 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे' हे शब्द जवळजवळ छापील असतात. वेग कोणी मोजलेला नसतो. टायर फुटला, झोप लागली, रस्त्यात खड्डा होता, दुभाजकातला कट चुकीच्या जागी होता, सगळं त्याच रकान्यात जातं. यामुळे दोन नुकसानं होतात. रस्त्याचा दोष लपतो, आणि तुमच्यासारख्या विचार करणाऱ्या माणसाचा वेगाबद्दलच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. वरचं ब्रेकचं गणित मात्र कोणाच्या रकान्यावर अवलंबून नाही.

आता तुमच्या बाजूने बोलते, आणि हेही तितक्याच पोटतिडकीने.

आपल्याकडे चुकीच्या पाट्या आहेत, भरपूर आहेत. सगळ्यात वाईट म्हणजे काम संपल्यावर विसरलेल्या. एका रस्त्याचं रुंदीकरण झालं, ठेकेदार माल उचलून गेला आणि २० ची पाटी तिथेच राहिली. गुळगुळीत नवा रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, आणि मध्ये २०. मी तीन वेळा लेखी कळवलं. पाटी पुढचा पावसाळा संपेपर्यंत उभी होती. त्या काळात तिथून गेलेल्या प्रत्येक चालकाला तिने एक धडा दिला, की लाल गोलातला आकडा वाचायचा नसतो. तोच चालक पुढच्या गावात शाळेजवळची ३० ची पाटी त्याच नजरेने बघतो. खोटी पाटी नुसती निरुपयोगी नसते, ती खऱ्या पाटीचा जीव घेते. सिंहस्थाच्या तयारीत सध्या शहराच्या आसपास इतकी कामं चालू आहेत, ती संपताना या पाट्या आठवणीने उचलल्या गेल्या पाहिजेत. कोणी उचलत नसेल तर फोटो काढून कळवा.

दुसरा दोष अचानक पडणाऱ्या आकड्याचा. ८० वरून थेट ४०, मध्ये काही सूचना नाही. चालकाने प्रामाणिकपणे ब्रेक मारला तर मागचा ठोकतो. मध्ये ६० ची पायरी हवी, आणि मर्यादा संपली हेही सांगायला हवं. तिसरा दोष झाडाआड, फ्लेक्सआड गेलेल्या पाट्यांचा. नाशिकमध्ये वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली किती पाट्या झाकल्या जातात ते मोजायचं म्हटलं तर एक दिवस पुरणार नाही.

पण या सगळ्यांपेक्षा मोठा दोष रस्त्याच्या बोलण्याचा आहे. रस्ता चालकाशी बोलतो, आणि पाटीपेक्षा मोठ्याने बोलतो. साडेतीन मीटरची लेन, सरळ रेष, दूरवर नजर जाते, कडेला काही नाही, असा रस्ता पायाला सांगतो, दाब. त्याच रस्त्यावर पाटी म्हणते ५०. पाय रस्त्याचं ऐकतो. यात चालकाचा नैतिक अधःपात वगैरे काही नाही, हे माणसाचं साधं वागणं आहे. एका गावाजवळ मीच ५० ची शिफारस केली होती. पाट्या लागल्या. महिन्याने मोजलं तर फरक नावापुरता. मग तिथे गावाच्या आधी रंबलर (रस्त्यावरच्या आडव्या जाड पट्ट्या) घातले, कडेची पट्टी रंगवून लेन अरुंद दिसेल अशी केली, ओलांडायच्या जागी दुभाजकात थांबायला जागा केली, दिवे लावले. तेव्हा कुठे गाड्या खरोखर उतरल्या. पाटी तीच होती.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिकमधल्या कोणाला विसरता येणार नाही. औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेलच्या चौकात खासगी प्रवासी बस आणि ट्रक धडकले, बस पेटली, १२ माणसं गेली. पहाटे अशा चौकात शिरणाऱ्या चालकाला रस्ता दिवसासारखाच रुंद आणि मोकळा दिसतो. इथे दुसरा रस्ता आडवा येतो आहे हे त्याला शंभर-दीडशे मीटर आधी कळायला हवं, आणि ते सांगण्याचं काम रस्त्याचं आहे. शहराभोवती रस्ते रुंद करताना आपण चौक तसेच ठेवतो आणि मग कोपऱ्यात एक पाटी लावतो. माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी याची जबाबदारी घ्यायला हवी.

गावकरी मग वैतागून स्वतःच गतिरोधक घालून घेतात. त्यांचं दुःख खरं असतं, तिथे कोणीतरी गेलेलं असतं. पण डांबराचा हातभर रुंदीचा उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हे. भारतीय रस्ते महासभेच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे २५ च्या वेगाने गाडी अलगद चढून उतरते. अरुंद ढेकूळ रात्री दुचाकीवाल्याला उडवतं, मागे बसलेली बाई पडते, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात ते वेगळेच.

मागून अंगावर येणाऱ्या ट्रकबद्दल तुम्ही जे म्हणता ते मी पाहिलेलं आहे. वेगातली तफावत धोक्याची असते, हे बरोबर. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनी ७४ ने जायचं ठरवलं, तर आजींची अडचण सुटत नाही, फक्त तुमची सुटते. व्यवहारात एवढं करा: गावाच्या तीन-चारशे मीटर आधीच डाव्या लेनमध्ये या, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकला पाय नुसता टेकवा म्हणजे मागचे दिवे लागतील, आणि वेग हळूहळू उतरवा. ट्रकवाल्याला अचानक ब्रेकचा राग येतो, हळूहळू उतरणाऱ्या गाडीच्या बाजूने तो निघून जातो. अप्पर-डिपर मारेल, हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

राँग साइडचंही तसंच. ती माणसं धोकादायक आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई व्हायला हवी, यात दुमत नाही. पण ती तिथे का येतात हेही बघा. दुभाजकातला पुढचा कट दोन-दोन किलोमीटरवर असतो, सर्व्हिस रोड मध्येच संपतो, आणि शेत रस्त्याच्या पलीकडे असतं. तुम्हाला माहीत आहे की त्या पट्ट्यात समोरून दुचाकी येऊ शकते. मग तर तिथे वेग कमी ठेवायला आणखी एक कारण झालं. तुम्ही ५० ने आणि तो ३० ने समोरासमोर येत असाल तर दोघांमधलं अंतर ८० च्या वेगाने संपतं. तुम्ही ७४ ने असाल तर १०४ च्या.

आता याची दुसरी बाजू: मर्यादा पाळली की माणूस सुरक्षित असतो का? नाही. पाटीवरचा आकडा कोरड्या रस्त्याचा, उजेडाचा, शाबूत गाडीचा असतो. रात्री डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली असताना, तुम्हाला जेमतेम चाळीस-पन्नास मीटर नीट दिसतं, आणि अडीच सेकंदांच्या हिशेबाने ८० ची गाडी थांबायला १२० मीटरच्या वर लागतात. म्हणजे रात्री ८० च्या रस्त्यावर ८० ने जाणारा माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. समोर सगळं नीट असेल एवढ्याच भरवशावर. आणि आपल्याकडे समोर काय असतं? उसाची नाहीतर कांद्याची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीने माखलेला. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकमधल्या द्वारकाच्या उड्डाणपुलावर टेम्पो पुढच्या ट्रकवर आदळला. ट्रकमधून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या होत्या. टेम्पोत निफाडकडून परतणारी तरुण मुलं होती. असा माल मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर न लावता रस्त्यावर आणणाऱ्याचा दोष मोठाच. पण अंधारात समोर काय आहे हे जितकं उशिरा कळतं, तितका वेग आधीच कमी हवा.

निफाडला डिसेंबर-जानेवारीत गोदाकाठी धुकं पडतं तेव्हा ७० ची पाटी विसरा. समोरचं झाड दिसलं नाही तर ३० सुद्धा जास्त.

घाटाचं गणित आणखी वेगळं. कसारा असो, चांदवडच्या पुढचा राहुड असो, उतारावर अवजड गाड्यांना ठेवलेली कमी मर्यादा धडकेपेक्षा ब्रेकच्या उष्णतेसाठी असते. भरलेला ट्रक सतत ब्रेकवर उतरवला तर लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे आजही आहेत. जुने चालक सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. त्यात सगळं आलं. तुम्ही कारमध्ये असलात तरी घाटात ट्रकच्या पुढे शिरून ब्रेक मारू नका, त्याच्याकडे थांबायची ताकद उरलेली असेलच असं नाही.

समृद्धी महामार्गावर कारला १२० आहेत, आणि तो रस्ता त्याहून जास्त वेगासाठी आखलेला आहे. तिथे दुचाकी नाही, रिक्षा नाही, आडवी येणारी आजी नाही, म्हणून तिथला आकडा मोठा. हे न्याय्यच आहे. पण तिथे गाडीचा कस लागतो. सिन्नरहून समृद्धीला लागण्याआधी टायरची हवा थंड टायरवर तपासा. कमी हवेचा टायर तासभर १२० ने पळाला की तापून फुटू शकतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ लिहिलं असेल तर तो २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी तो बदला. आणि तासाभराने समृद्धीवरून उतरलात की पहिली दहा मिनिटं काट्याकडे बघत चालवा. डोळ्यांना १२० ची सवय झालेली असते, ७० हे चालण्यासारखे वाटतात.

चलानाबद्दल. कॅमेऱ्याच्या अंमलबजावणीचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने काढले आहेत. कॅमेऱ्याआधी त्याची सूचना देणारा फलक हवा, उपकरण प्रमाणित हवं, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत यायला हवी. तुम्ही आधी जागेवर जा. ५० ची पाटी तुमच्या बाजूने, तुमच्या लेनमधून, शंभर मीटरवरून दिसते का ते बघा. दिसत नसेल, किंवा झाकलेली असेल, तर तारीख-वेळेसह फोटो काढा आणि ई-चलानच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पाटी चुकीची आहे असं वाटत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी द्या. त्यात 'अन्याय होतो' असं लिहू नका. इतके मीटर आधी पाटी दिसत नाही, ८० नंतर ६० ची पायरी नाही, ओलांडायची जागा प्रत्यक्षात दोनशे मीटर पुढे आहे, असं लिहा. अशा अर्जाला उत्तर द्यावं लागतं. आणि पाटी स्वच्छ दिसत असेल, गाव तिथेच असेल, तर दोन हजार भरून टाका.

राहिली तुमची मुलगी. तिला कलमं सांगू नका, आणि माझे हे आकडेही एकदम सांगू नका. एका रविवारी सकाळी तिला त्याच गावाजवळ घेऊन जा. गाडी सर्व्हिस रोडला आत लावा. तिच्या हातात मोबाइल द्या, त्यातलं स्टॉपवॉच चालू करा. कोणीतरी म्हातारं माणूस, डोक्यावर भारा घेतलेली बाई, दप्तर घेतलेलं पोर रस्ता ओलांडताना दिसेल. किती सेकंद लागतात ते तिला मोजू दे. मग तुम्ही दोघं त्याच जागी उभे राहा आणि तिला विचारा, येणारी गाडी कुठे असताना तू निघशील? ती एखादं झाड दाखवेल, खांब दाखवेल, ढाब्याची पाटी दाखवेल. तिथपर्यंत पावलं टाकून अंतर मोजा. त्यानंतर परत येताना गाडी तिला चालवू द्या, लर्निंग लायसन्स असेल तर, तुम्ही शेजारी बसून. त्या खांबाजवळ आल्यावर काट्यावर किती आहेत, एवढंच तिला विचारा.